पितांबरनानांच्या चपला

चोपड्याच्या अलीकडे, केळीच्या बागांत दडलेल्या त्या गावात रविवारी भरदुपारी मारुतीच्या सभामंडपाला ताडपत्र्या बांधून अंधार केला होता. पायरीशी चपलांचा ढीग पडला होता. अमळनेरच्या कॉलेजात शिकवणाऱ्या हेमांगीने गावाला जपानी सिनेमा दाखवायचा घाट घातला, तेव्हा लोकांनी तिला वेड्यात काढलं होतं. आता आत मुंगी शिरायला जागा नव्हती.

गर्दी खरं तर तिच्या वडिलांसाठी होती. पितांबरनाना एके काळी फिरत्या टॉकीजमध्ये पडद्याशेजारी उभे राहून परभाषेतला सिनेमा अहिराणीत सांगायचे. टॉकीज बंद पडली, पुढे हेमांगीची आई गेली, आणि नाना बोलेनासेच झाले. आज तो आवाज परत यावा, एवढंच तिला हवं होतं.

आवाज आला, आणि असा खणखणीत की तिचा ऊर भरून आला.

नानांची जुनी रीत होती, पडद्यावरच्या प्रत्येकाला गावातलं नाव द्यायचं, म्हणजे लोकांचा गोंधळ होत नाही. सिनेमा मुलखाचा विचित्र. रस्ते लिंबाच्या रंगाचे, घरं आतून जांभळी, आणि पांढऱ्या सुटातला खुनी शीळ घालत फिरणारा. तो ज्याच्या मागावर होता, तो माणूस कायम पाठमोरा.

"हाऊ पितांबर शे," नाना त्या पाठमोऱ्याकडे बोट करून म्हणाले. "मन्हंच नाव दिधं, कोनले राग नको!"

मंडप हसला.

खुन्याची एक खोड होती. मारण्याआधी तो त्या माणसाचे जोडे उंबऱ्याशी नीट जुळवून, तोंडं रस्त्याकडे करून ठेवायचा.

"जोडा बाहेर तोंड करीसन ठेवात, म्हंजे मानूस गया!" नानांनी सांगितलं.

हेमांगीने हा सिनेमा कितीदा तरी पाहिला होता. खुनी असा मध्येच थांबतो, हे तिला आठवेना. नाना बोलले की तो थांबत होता. नाना पाणी प्यायले, तेवढा वेळ शीळही बंद राहिली. तिने लॅपटॉप पाहिला. सिनेमा नीट चालू होता.

शेवटी तो पाठमोरा माणूस रेल्वेने निसटतो, हे तिला पाठ होतं.

आज रेल्वे आलीच नाही.

खुनी घराशी पोचला. उंबरा रिकामा. जोडेच नव्हते.

"कोनले धुंडी राह्यना रे भाऊ?" नानांनी विचारलं.

तो वळला. नाना उभे होते त्या कोपऱ्याकडे पाहून कमरेत वाकला. मग पडद्याच्या कडेने निघून गेला, आणि शेवटपर्यंत नुसता उंबरा दिसत राहिला.

टाळ्यांनी मंडप दणाणला. म्हातारे नथ्थूआबा नानांच्या गळ्यात पडले. हेमांगीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. माझे वडील, माझे वडील, एवढंच तिच्या मनात होतं.

बाहेर उन्हात लोक ढिगातून आपापल्या चपला उपसत होते. नानांच्या चपला मात्र ढिगात नव्हत्या. त्या पायरीवर, एकमेकींना जुळवून, रस्त्याकडे तोंड करून ठेवलेल्या होत्या.

हेमांगीने त्यांना अडवायला हात पुढे केला.

"दख पोरी," नाना अभिमानाने म्हणाले, "कितला मान दिधा लोकेसनी!"

आणि त्यांनी पाय घातले.