सोमवारची रताळी

रविवारी वैदेहीचा श्वास अडकला आणि तिला दवाखान्यात न्यावं लागलं. तेव्हापासून तिला घरातल्या ताटाचीच धास्ती बसली होती.

सोमवारी सकाळीच तिने फणसवाडीतल्या ऑफिसात डिटेक्टिव्ह नूपुर दिघेसमोर आपली वही ठेवली. तिला अन्नातलं हिस्टामिन सोसत नसे. डॉक्टरांनी आंबवलेलं, सुकवलेलं, शिळं बंद करून ताजी उकडलेली रताळी, गाजरं, बीट सांगितलं होतं. महिनाभर बरं गेलं. आता दोन आठवडे त्याच जेवणानंतर अंगभर पित्त उठत होतं. वहीत लाल खुणा होत्या: मंगळ, बुध, शुक्र, शनी, रवी. दोन्ही आठवडे तेच वार.

"नाक कायम चोंदलेलं. कुणी काही कालवलं तरी मला वास येणार नाही," ती म्हणाली. माहेरी जायची बॅग तिने भरून ठेवली होती.

दुपारी नूपुर आणि तिचा सहकारी गौतम वैदेहीबरोबर लालबागला तिच्या सासरी गेले. सासू सुभद्राबाईंनी हे पथ्य म्हणजे थेरं असल्याचं तोंडावर सांगितलं. गेला आठवडाभर त्या गावी होत्या, कालच रात्री परतल्या होत्या. नवरा पुष्कर घाईघाईत आम्लेट खात होता. सोमवारी तरी अंडं नको, म्हणून त्या त्याच्यावर करवादल्या. गिरणीतली नोकरी सुटल्यापासून घरीच असलेले सासरे धोंडूअण्णा वरणभात जेवून मुकाट्याने सुनेसाठी रताळी सोलत बसले.

"सासूच," जिन्यात गौतम पुटपुटला.

नूपुर माघारी वळली आणि तिने सगळ्यांना बसवलं.

"कंद रोज तेच, त्रास मात्र सोमवारी आणि गुरुवारी नाही. या घरात वार पाळणारे त्या दोन दिवशी मासळीला हात लावत नाहीत. म्हणजे जेवणात सुकी मासळी जात होती. सुकवलेल्या मासळीत हिस्टामिन भरपूर. पुष्कर वार पाळत नाही, त्याने सोमवार सोडला नसता. सुभद्राबाई पाळतात, पण गेल्या आठवड्यात त्या इथे नव्हत्या आणि त्रास चालूच होता. उरलं कोण?"

वैदेहीने सासऱ्यांकडे पाहिलं.

धोंडूअण्णांनी सुरी खाली ठेवली. "सुक्या जवळ्याची पूड. चिमूटभर," ते सुनेकडे न बघता खालमानेने म्हणाले. "चेडू सुकत चाललेला, बघवेना. नुसत्या कंदांवर माणूस जगता काय? ताकद येईल वाटला."

रविवारी दवाखान्यात हेच बाबा तिच्या उशाशी हात जोडून उभे होते, ते वैदेहीला आठवलं. तिला राग आला आणि रडूही.

"बाबा, उद्यापासून तुम्हीच उकडा," ती अखेर म्हणाली. "पण मी शेजारी बसणार. काही दिवस तरी."