राहून गेलेली रेघ

निलंग्याच्या बसस्टँडमागच्या घरात, स्वयंपाकघराच्या खिडकीशी ज्ञानेश्वरीचा कारखाना होता. बाजारातले प्लॅस्टिकचे शिपाई आणायचे, बंदुका कापायच्या, अंगावरची साच्याची रेघ पॉलिश पेपरनं घासायची आणि त्यांची माणसं करायची. मग बाहुलं गव्हाच्या दाण्याएवढं सरकवायचं, मोबाईलवर फोटो काढायचा, पुन्हा सरकवायचं. फोटो जोडले की माणसं चालू लागत. पोरंबाळं न्हाईत म्हणून भावल्या खेळती, असं गल्लीत बोलत. बोलणाऱ्याचं तोंड कोण धरणार?

या वेळची फिल्म घरचीच होती. टेम्पो घेऊन गेलेला व्यंकट घरी येतो, एवढीच. नवऱ्याचा शिपाई तिनं मिशीसकट हुबेहूब केला होता. डाव्या कानामागची रेघ तेवढी राहिली. तिथं कॅमेरा थोडाच जाणार होता. दारात वाट पाहणारी बाई म्हणजे ती स्वतः. ब्लाउजपीसच्या चिंधीची साडी, हिरव्या दोऱ्याच्या बांगड्या, नेलपॉलिशचं कुंकू.

खरा व्यंकट सोयाबीन घेऊन हैदराबादला गेला होता आणि आज सकाळीच परत यायचा होता, पण अजून आला नव्हता.

दुपारी तिनं तोवरची फिल्म लावून पाहिली. दारातल्या बाईचं कुंकू फिकट होत गेलं आणि शेवटच्या फोटोत कपाळ कोरं होतं. उजेडाचा खेळ असेल म्हणून तिनं बाहुली हातात घेतली. कपाळ खरंच कोरं होतं, बांगड्याही नव्हत्या. नेलपॉलिश डाग ठेवल्याशिवाय जात नाही, हे तिला पक्कं ठाऊक. ज्ञानेश्वरी असल्या गोष्टी मानणारी नव्हती, तरी हात मोबाईलकडं गेला. तिनं व्यंकटला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंदच.

सासू, पंचफुलाबाई, मागं येऊन उभी होती. तिनं बाहुली पाहिली आणि भिंतीला टेकली.

"कुंकू लाव तिला," ती म्हणाली. "आन् माझ्या लेकराला घरात घे."

कुंकू ओलं असतानाच ज्ञानेश्वरी उरलेले फोटो काढायला बसली. शिपाई रस्त्यावरून अंगणात आला, अंगणातून पायरीवर. तिला बाकी काही नको होतं, तो परत यायला हवा होता. दिवेलागणीला तिनं त्याला उंबऱ्याच्या आत ठेवलं.

दार वाजलं.

व्यंकट होता. टेम्पो नव्हता. विचारलं तर म्हणाला, "हाय तिकडं." ती हात धरून आत घेईपर्यंत तो उंबऱ्याबाहेर उभाच राहिला. हात गार होता.

पंचफुलाबाईनं त्याच्या तोंडावरून हात फिरवले आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडली. एकही वाजलं नाही.

तो जेवायला बसला तोच मोबाईल वाजला. अनोळखी नंबर होता. ज्ञानेश्वरीनं सासूकडं पाहिलं.

"वाजू दे," पंचफुलाबाई म्हणाली.

ज्ञानेश्वरी भाकरी वाढायला वाकली. व्यंकटच्या डाव्या कानामागून मानेपर्यंत एक बारीक, सरळ रेघ गेली होती.

फोन वाजून वाजून थांबला.

तिनं त्याला वरण वाढलं. ती रेघ सकाळी, उजेडात, हलक्या हातानं घासून टाकायची, असं तिनं मनाशी ठरवलं.