पुडीच्या आतल्या बाजूला

"दोरी ओढ की रे! तंबू उभा करतोय आपण, कपडे वाळत नाही घालत," ढापणी ओरडली.

"ओढतोय," वाघ म्हणाला, आणि त्याने दोरी आणखी सैल सोडली.

शिबिराला चार दिवस उरले होते. तळ्याकाठी तीन मुक्काम. मुलींचे तंबू एकीकडे, मुलांचे दुसरीकडे, आणि वाघ नि फुगा एकाच तंबूत. ढापणीच्या मामाचा जुना तंबू तिच्या परसात उभा करून बघायचा, असं ठरलं होतं. ठरवलं अर्थात ढापणीने. चष्मा नाकावर सरकवत ती काही बोलली की ते ठरलेलंच असायचं.

वाघाला वाघ का म्हणत? चौथीत असताना तो एका भुंकणाऱ्या कुत्र्यासमोर छाती काढून उभा राहिला होता. ते कुत्रं म्हातारं होतं आणि त्याला पुढचा एकच दात होता, पण ही माहिती द्यायची गरज वाघाला कधी वाटली नाही. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता सातवीत शिबिराला जायला सगळ्यांत जास्त उत्सुक कोण, असं विचारलं असतं तर वर्गाने त्याच्याकडेच बोट दाखवलं असतं.

आणि हा वाघ गेले पंधरा दिवस देवाकडे ताप मागत होता. कारण बारा वर्षं पूर्ण झाली तरी कधीकधी सकाळी त्याचं अंथरूण ओलं असायचं. हे जगात दोघांनाच ठाऊक होतं. एक तो, दुसरी आई. आई न बोलता चादर बदलायची, आणि तो न बोलता शाळेत जायचा.

आठ दिवसांपूर्वी मात्र त्याने धीर केला होता. सुट्टीतल्या प्रकल्पासाठी शाळेने प्रत्येकाला एक लॅपटॉप घरी दिला होता. दार लावून, हळूच एकेक अक्षर दाबत त्याने आपला प्रश्न त्यावर लिहिला. उत्तर आलं नाही. पडद्यावर लाल पंजा आला आणि खाली अक्षरं: 'हे पान शाळेने बंद केले आहे.' त्याने झाकण आपटून बंद केलं. विषय संपला, असं त्याला वाटलं.

"हुक दे रे फुग्या," ढापणी म्हणाली.

फुग्याने हार्डवेअरच्या दुकानातून आणलेली पुडी सोडली, हुक तिच्या हातावर ओतले आणि कागद चुरगळणार तोच थांबला.

"अरे, हा तर मी आहे!"

कागदाच्या आतल्या बाजूला एक करडा फोटो छापलेला होता. बनियन घातलेला फुगा, पलंगावर मांडी घालून, तोंड उघडं, एक बोट नाकात. खाली लिहिलं होतं: इयत्ता सातवी. हजेरी क्रमांक २३. दुपारी ३.१०. टाइप केलेला मजकूर: आठ दिवसांत पोट कसे कमी करावे. पान बंद. शेरा: आक्षेपार्ह.

फुगा सगळ्यात आधी स्वतःच हसला. दुसऱ्यांनी हसायच्या आत आपण हसून घ्यायचं, ही त्याची जुनी सवय. पण हसता हसता त्याचा चेहरा उतरला.

"हा फोटो काढला कुणी?" तो म्हणाला. "घरात तेव्हा मी एकटा होतो."

परसात भर दुपारचं ऊन होतं, तरी तिघंही नकळत एकमेकांजवळ सरकले.

"तो हिरवा दिवा," ढापणी हळू आवाजात म्हणाली. "पडद्याच्या वर, कॅमेऱ्याशेजारी. लाल पंजा आला की तो लुकलुकतो. मला वाटलं, बिघडलाय. म्हणजे जितक्यांदा लाल पंजा, तितक्यांदा फोटो. आणि आपण काय लिहिलं तेही."

वाघाने मनाशी हिशोब केला. आपलाही एक कागद कुठेतरी असणार. कुणाच्या तरी खिळ्यांना गुंडाळलेला.

"दुकानात चला," तो म्हणाला. तो चालायलाही लागला होता.

हार्डवेअरवाले काका स्टुलावर बसून बिजागऱ्या निवडत होते. "पुडीचे कागद? शाळेतले कारकून देतात आणून. एका बाजूने कोरा कागद टाकून द्यायला त्यांचा जीव होत नाही." त्यांनी गल्ल्याखालचा गठ्ठा वर काढला. "मी कोरी बाजू बघतो, छापलेली कशाला बघू? का, काय झालं?"

ढापणीने फुग्याचा फोटो त्यांच्यासमोर धरला. काकांनी चष्मा लावला, वाचलं, आणि हातातली बिजागरी खाली ठेवली. "न्या. सगळे न्या," एवढंच ते म्हणाले.

"वाचायचे नाहीत," ढापणीने बजावलं. "कुणाचाच नाही. पालथे धरायचे आणि पिशवीत भरायचे."

पण वाघाला बघणं भागच होतं. एक कागद त्याने चोरून उलटला. आठवीतली एक मुलगी, डोळे सुजलेले. खाली ओळ: आईबाबा वेगळे झाले तर मुले कोणाकडे राहतात. त्याने तो झटकन पालथा केला. कुणाच्या घरात न विचारता शिरल्यासारखं त्याला वाटलं. मग त्याने फक्त हजेरी क्रमांकाचा कोपरा दिसेल एवढाच कागद उचलायचा, असं ठरवलं. त्याचा क्रमांक एकतीस. त्याच्या निम्म्या गठ्ठ्यात एकतीस नव्हता. उरलेला गठ्ठा फुगा भरत होता. तो मध्येच चपलेचा पट्टा नीट करायला खाली बसला आणि बराच वेळ बसून राहिला.

"संपले?" वाघाने विचारलं.

"संपले," फुगा म्हणाला, जमिनीकडे बघत.

"आणि हो," काका म्हणाले, "सकाळी शिबिराचे सर येऊन गेले. चाळीस हुक नेले. दहा-दहाच्या चार पुड्या बांधून दिल्या मी."

वाघाला धरायला काही नव्हतं म्हणून त्याने रंगाचा डबा धरला. चार पुड्या. शिबिरात पहिल्याच दिवशी त्या सुटणार. चाळीस मुलं, आणि मधोमध त्याचा फोटो. वाघ हे नाव मग कुणी घेणार नाही. दुसरं ठेवतील, आणि ते काय असेल हे त्याला आत्ताच ऐकू येत होतं.

"आधी छापणं बंद करू," ढापणी म्हणाली. "मग त्या पुड्या. चला शाळेत."

शाळा सुट्टीत ओळखूच येत नव्हती. बाकं ओसरीत एकावर एक रचलेली, भिंतींना ओला रंग, आणि प्रत्येक पावलाचा आवाज उलटून अंगावर येणारा. कार्यालयाच्या दारात कारकूनकाका घाम पुसत उभे होते.

"काका, छापलेले रिपोर्ट बघायचे होते," ढापणीने सरळ विचारलं.

"रिपोर्ट?" काकांनी छाती फुगवली. "ते गोपनीय असतात. विद्यार्थ्यांना दाखवता येत नाहीत."

फुगा काहीतरी बोलणार होता, पण ढापणीने त्याच्या पायावर पाय दिला. गोपनीय कागद खिळे बांधायला देणाऱ्या माणसाशी वाद घालण्यात अर्थ नव्हता.

"बरं काका. तुम्हाला कपाटं हलवायची आहेत ना? आम्ही लावू का हात?"

काकांचा चेहरा खुलला. "शहाणी मुलं! थांबा आत, मी रंगाऱ्याला हाक मारून आणतो. एकट्याला का ती कपाटं हलणारेत!"

ते गेले. तिघं आत शिरले. खिडक्यांवर जुने पडदे टाकलेले असल्याने खोलीत अंधारून आलं होतं. कपाटांवर चादरी घातल्या होत्या, त्या पंख्याच्या वाऱ्याने हलत होत्या. कोपऱ्यात प्रिंटर होता, आणि त्याच्या शेजारी छापलेल्या कागदांचा नवा ढीग.

"वायर कुठेय याची?" ढापणी कुजबुजली आणि टेबलाखाली वाकली.

तेवढ्यात प्रिंटर आपोआप घरघरला. फुग्याने वाघाचा दंड घट्ट पकडला. कुणीही हात लावला नव्हता. खोलीत दुसरं कुणी नव्हतं. कागद हळूहळू बाहेर सरकू लागला. आधी एक खिडकी दिसली. मग निळ्या फुलांची चादर, करड्या रंगात. वाघ ती चादर ओळखत होता.

तो त्याच्या घरचा पलंग होता. पलंगावर लॅपटॉप मांडीवर घेऊन कुणीतरी बसलं होतं, केस सोडलेले, कपाळाला आठ्या.

ती त्याची आई होती.

ती या क्षणी तिथे बसली होती, आपल्याला कुणी बघतंय हे तिच्या स्वप्नातही नव्हतं. फोटोखाली अक्षरं उमटली: हजेरी क्रमांक ३१. दुपारी ४.०५. टाइप केलेला मजकूर: बारा वर्षांचा मुलगा अंथरूण ओले करतो, शिबिराला पाठवावे का. पान बंद. शेरा: आक्षेपार्ह.

त्याने कागद ओढून छातीशी धरला. फार उशिरा. ढापणी टेबलाखालून वर आली होती आणि तिची नजर आधी कागदावर, मग मुद्दाम खिडकीकडे गेली. तिने वाचलं होतं.

"कोण आहे आत?"

दार उघडलं. मुख्याध्यापिका बाई, आणि त्यांच्या मागे धापा टाकणारे कारकूनकाका.

"बाई, यांनी मला कपाटांची थाप मारली!"

ढापणीने पिशवी टेबलावर रिकामी केली आणि सगळं सांगितलं. दिवा, लाल पंजा, पुड्या. बाईंनी भुवया चढवल्या. "संगणकाचे सर सुट्टीवर जाताना सांगून गेलेत मला. वाईट पानं बंद करायची यंत्रणा आहे ती. तुमच्याच भल्यासाठी. चांगल्या मुलांना लपवण्यासारखं काय असतं?"

बाई हात पुढे करून उभ्या होत्या, वाघाच्या कागदासाठी.

त्याला तो फाडता आला असता. फाडून गिळलासुद्धा असता. पण मग प्रिंटर उद्याही घरघरणार, आणि आई पुन्हा त्या पलंगावर बसणार. त्याने कागद बाईंच्या हातात दिला.

"ही माझी आई आहे," तो म्हणाला. "ती या शाळेत शिकत नाही. आणि खाली लिहिलंय ते माझ्याबद्दल आहे. मीही तेच विचारलं होतं. आम्हाला फक्त डॉक्टरांचं पान हवं होतं, बाई."

बाईंनी वाचलं. पुन्हा वाचलं. मग चादर घातलेल्या खुर्चीवर त्या बसल्या. चादरीला ओला रंग होता, तो साडीला लागला, तरी त्या उठल्या नाहीत.

त्यांनी संगणकाच्या सरांना फोन लावला. सरांचा आवाज खोलीभर ऐकू आला. "शरीराबद्दलचे, घरच्या भांडणांचे, सगळे शब्द बंद यादीत टाकलेत मी, बाई. कॅमेरा आधीपासूनच चालू होता, मी तसाच ठेवला. आणि तुम्ही पडद्यावर वाचत नाही, म्हणून प्रत्येक रिपोर्ट लगेच छापून तुमच्या टेबलावर यायची सोय केली."

"आणि मी छापलेलेही वाचले नाहीत," बाई सावकाश म्हणाल्या.

"सहीशिवाय पडून होते," कारकूनकाका पुटपुटले. "मला वाटलं, रद्दी."

बाई उठल्या आणि स्वतः प्रिंटरची वायर उपटली. सरांना त्याच रात्रीच्या गाडीने परत यायला सांगितलं. शिबिराच्या सरांना फोन करून चारही पुड्या न सोडता मागवल्या. संध्याकाळपर्यंत त्या आल्या, आणि सगळे कागद बाईंनी मुलांसमोर पालथेच फाडले. मग प्रत्येक घरी जाऊन लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावर जाड कागद चिकटवण्याचं काम कारकूनकाकांना मिळालं. कोरा कागद वाया जाणार म्हणून त्यांचा जीव तुटत होता, पण चिकटवला त्यांनी.

वाघाच्या घरी मात्र बाई स्वतः आल्या. आईची माफी मागितली, आणि मग वाघाच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाल्या, "माझ्या नोकरीत मी बरीच धीट मुलं पाहिली. आजच्याइतकं धीट कुणी नाही पाहिलं." आईने पदर डोळ्यांना लावला. दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलं की असं पुष्कळ मुलांना होतं, हळूहळू जातं, शिबिराला खुशाल जा.

तरी एक गोष्ट वाघाला खात होती. फाडण्याआधी त्याने सगळ्या कागदांचे कोपरे बघून घेतले होते, पण त्या चार पुड्यांमध्येही त्याचा कागद निघाला नव्हता.

तंबू अजून परसात आडवाच पडला होता. ढापणी हातोडी आणायला आत गेली, तसा फुगा जवळ आला. त्याने खिशातून घडी घालून घालून काडेपेटीएवढा झालेला कागद काढला.

"दुकानात सापडला," तो म्हणाला. "चपलेचा पट्टा वगैरे काही तुटला नव्हता. मी वाचला. वाचला नाही म्हणालो तर खोटं होईल."

वाघाने घडी उघडली. हजेरी क्रमांक ३१. त्याला वर बघवेना.

"मग बोलला का नाहीस?"

"काय बोलणार? माझा नाकातल्या बोटाचा फोटो बघून तू हसलास का?" फुग्याने खांदे उडवले. "मी तंबूत दाराशी झोपेन. पाणी प्यायला मी रात्री दोनदा उठतोच. तुलाही उठवीन. कुणाला कळायचं कारण नाही."

वाघाने कागदाची पुन्हा घडी घातली आणि तो खिशात टाकला. तेवढ्यात ढापणी हातोडी घेऊन आली.

"दोरी ओढणारेस का आज तरी?" तिने विचारलं.

वाघाने दोरी हाताला गुंडाळली आणि ओढली. तंबू ताठ उभा राहिला.