मावशीचा मुका फोन

“हॅलो! हॅलो! आता तरी येतंय का ऐकू?”

मावशी एवढ्या मोठ्यानं ओरडली की खालच्या कामाच्या खोलीतून आजोबांनी विचारलं, “कुणाशी भांडतेयस गं?”

फोनच्या पडद्यावरच्या चष्मेवाल्या बाई मात्र नुसती मान हलवत होत्या. “तुमचे ओठ हलताना दिसतायत, आवाज नाही. मुलाखत चार वाजता आहे. तेव्हाही असंच झालं तर मला पुढच्या उमेदवाराला घ्यावं लागेल. माझा नाइलाज आहे.”

पडदा काळा झाला. मावशी मटकन खुर्चीत बसली.

मोठ्या ग्रंथालयात जुनी, फाटकी पुस्तकं नीट करण्याची नोकरी होती ती. मावशी बारा वर्षं आजोबांच्या हाताखाली पुस्तकबांधणी करत होती, आणि हीच नोकरी तिला मनापासून हवी होती. मुलाखतीत कॅमेऱ्यासमोर एक सुटलेलं पुस्तक शिवायचं आणि शिवता शिवता बोलायचं होतं. घरात दुसरा फोन होता तो आजोबांचा, बटणांचा. त्याला कॅमेराच नव्हता!

सुट्टीला आलेली तिन्ही भाचरं दारात उभी राहून सगळं पाहत होती. सगळ्यात मोठी हेडबाई, वय वर्षं तेरा. मोठ्या माणसांनाही ती ओळीत उभं करायची, म्हणून हे नाव. तिचा मावसभाऊ खटपट्या. त्यानं आजवर दोन घड्याळं आणि एक पंखा उघडला होता, पैकी एक घड्याळ परत चालूही झालं होतं. आणि हेडबाईची धाकटी बहीण मुंगी, जी कुठेही शिरायची.

“मावशी, फोन दे,” हेडबाई म्हणाली. “आत्ता दोन वाजलेत. आम्ही कोपऱ्यावरच्या दुकानात दाखवून आणतो.”

मोबाइलवाल्या काकांनी फोनवर एक फुंकर मारली, दोनदा “हॅलो” म्हटलं आणि निकाल देऊन टाकला. “माइक गेलाय. आतला बोर्ड बदलावा लागणार. ठेवून जा, परवा या.”

“परवा? मुलाखत आज आहे, काका! तुम्ही नीट पाहिलंत का?” खटपट्यानं विचारलं.

“वीस वर्षं फोनच बघतोय मी!” असं म्हणत त्यांनी फोनच्या कव्हरला हात घातला.

“काढू नका!” मुंगी किंचाळली. “आजोबांचा नियम आहे!”

ते कव्हर होतंच तसं. मावशीच्या मुलाखतीसाठी आजोबांनी ते आदल्या संध्याकाळी स्वतः बेतलं होतं. पुस्तकांना लावतात ते निळं कापड, आत पातळ पुठ्ठा, कोपरे असे दुमडलेले की जोड शोधून सापडू नये! त्यांच्या पन्नास वर्षांच्या कामात एकच नियम होता. चिकटवायला खळ लावली की चोवीस तास जोडाला हात लावायचा नाही. मावशीनं तो कधी मोडला नव्हता, मुलांची काय बिशाद!

“बरं बाई, नाही काढत,” काका हसले आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळले.

घरी येईपर्यंत खटपट्या धुमसत होता. “वीस वर्षं म्हणे! अर्धं मिनिटसुद्धा बघितलं नाही. आपणच बघू. सगळी सेटिंग बदलून टाकतो!”

“खबरदार!” हेडबाईनं फोन पाठीमागे लपवला. “एका वेळी एकच गोष्ट बदलायची. नाहीतर कशानं काय झालं ते कळणारच नाही. मी वहीत लिहिते, तू करून बघ.”

खटपट्यानं तोंड वाकडं केलं, पण ऐकलं. आणि खरं सांगायचं तर इथेच त्या पोरांचं कौतुक वाटतं. घाईच्या वेळी मोठी माणसंही दहा ठिकाणी दहा बटणं दाबत सुटतात!

फोन बंद करून चालू केला. काही नाही. मुलाखतीच्या अॅपला माइक वापरायची परवानगी आहे का, पाहिलं. होती. स्पीकर लावून पाहिला, तेच रडगाणं. मग आवाज टिपायच्या अॅपमध्ये खटपट्या ओरडला आणि ऐकून पाहिलं, तर उशीखालून कुणी कण्हावं तसं काहीतरी आलं.

“म्हणजे दोष अॅपचा नाही,” हेडबाईनं लिहिलं. “पण उशीखालून का होईना, येतोय! माइक मेला असता तर एवढंही आलं नसतं.”

तीन वाजले. मावशी सुईत दोरा ओवत होती आणि तो पुनःपुन्हा निसटत होता. हेडबाईला ते बघवेना.

तेवढ्यात मुंगीनं फोन उचलला आणि ती खाली पळाली. आजोबा पुस्तकांच्या दाबयंत्राचं चाक फिरवत होते. मुंगीला ते चाक फार आवडायचं. तिनं मागच्या कॅमेऱ्यानं त्याचा व्हिडिओ काढला आणि वर येऊन दाखवू लागली. फोनमधून आजोबांचा आवाज खणखणीत गरजला, “मुंगे, बोट सांभाळ!”

सगळे थिजले.

“आवाज!” खटपट्या उडालाच. “अगं, याला दोन माइक आहेत! एक वर, कॅमेऱ्याजवळ. मागून व्हिडिओ काढताना तो ऐकतो. दुसरा खाली, बोलण्यासाठी. वरचा ठणठणीत आहे, खालचा बहिरा झालाय!”

“कालपर्यंत चांगला होता,” हेडबाई हळूच म्हणाली. “मग कालपासून काय बदललं?”

तिघांनी एकदम फोनची खालची कड पाहिली. चार्जिंगची खाच सुबक कापलेली. तिच्या शेजारी नुसतं निळं, गुळगुळीत कापड.

आता सांगायचं कोणी? आजोबांच्या कामात खोट काढायची म्हणजे! पण आतून मावशीचा सुस्कारा ऐकू आला आणि हेडबाई जिना उतरली, फोन घेऊन बाकीचे दोघंही मागोमाग.

“आजोबा, कव्हर बेतताना इथे एक बारीक भोक दिसलं होतं का?”

“दिसलं तर!” आजोबा खुशीत म्हणाले. “एवढा चांगला फोन आणि कारखान्यातूनच भोक पडून आलेला! माझ्या हातून जाणाऱ्या वस्तूला भोक राहील होय? आतून पुठ्ठ्याची पट्टी दिली आणि पक्कं बुजवलं.”

“आजोबा, फोनला ऐकू येतं ते त्याच भोकातून.”

चाकावरचा आजोबांचा हात थांबला. मग त्यांनी झटकन टोच्या उचलला. “आण इकडे, पाडतो भोक!”

“नको!” खटपट्यानं फोन छातीशी धरला. “वरून टोचलं तर आतला माइकच फाटेल! आधी कव्हर काढायला हवं.”

चोवीस तास व्हायला अजून दोन-तीन तास होते. आजोबांनी घड्याळाकडे पाहिलं, जिन्याकडे पाहिलं आणि पन्नास वर्षांत पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. ओल्या खळीतून कव्हर निघालं, पण एक कोपरा चुरगळला. मुंगीला रडू आलं. आजोबांनी पेन्सिलीनं खूण केली, पट्टी सोलली आणि एका फटक्यात असं गोल, नेटकं भोक पाडलं की खटपट्या बघतच राहिला.

“एक, दोन, तीन!” मुंगी फोनमध्ये म्हणाली. “एक, दोन, तीन!” फोन खणखणीत म्हणाला.

चार वाजायला आठ मिनिटं होती!

मुलाखत चालू झाली तेव्हा तिघं श्वास रोखून जिन्यावर बसली होती. मावशीची सुई आता सरसर चालत होती.

“पुस्तक बिघडलेलं आलं की दोष कसा शोधता?” बाईंनी विचारलं.

“आधी विचारते, हे चांगलं कधी होतं आणि तेव्हापासून काय बदललं,” मावशी म्हणाली. “मग एका वेळी एकच गोष्ट करून बघते. सगळं एकदम उसवत नाही.” ती थांबली. “खरं सांगू? हे इतकं स्वच्छ मला आजच कळलं. मघाशी तुम्हाला माझा आवाज येत नव्हता ना, तो ज्यांनी शोधून काढला ती माझी भाचरं आत्ता जिन्यावर बसलीयत.”

पलीकडे बाई मनापासून हसल्या. शिवलेलं पुस्तक त्यांनी कॅमेऱ्यासमोर उलटसुलट करायला लावलं आणि म्हणाल्या, “सोमवारपासून या. आणि त्या भाचरांना एकदा ग्रंथालय दाखवायला आणा.”

मग जो आरडाओरडा झाला तो कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत गेला. मोबाइलवाले काका चौकशीला आले आणि सगळी हकीकत ऐकून कान पकडून म्हणाले, “आता कुणीही फोन आणू दे, आधी कव्हर काढीन!”

आजोबा मात्र खाली काम करत बसले होते. बांधलेल्या प्रत्येक पुस्तकात, कागदाखाली कुणाला दिसणार नाही अशा जागी, ते पेन्सिलीनं आपलं नाव लिहीत. चुरगळलेला कोपरा सरळ करून परत चिकटवण्याआधी त्यांनी तिघांना बोलावलं आणि कव्हरची आतली बाजू दाखवली.

तिथे बारीक अक्षरांत लिहिलं होतं : बांधणी माझी. भोक या तिघांचं.

“वाचलंत?” आजोबांनी कोपरा दाबून बसवला. “आता चोवीस तास हात लावायचा नाही!”