मैथिलीची जीभ आणि कपाळामागचा मुकादम

मिरजेच्या नऊ वर्षांच्या मैथिली शिंगटेच्या जिभेला सकाळी सात वाजता घरी सगळं येत असे आणि अकरा वाजता दवाखान्यात काहीही येत नसे. जीभ तीच, तोंडही तेच. सन २०५८ मध्ये माणसं मंगळावर मेथी पिकवत होती, पण या कोड्याचं उत्तर कुणाकडे नव्हतं.

काम तसं एवढंसंच होतं. गिळताना मैथिलीची जीभ पुढच्या दातांना ढकलायची. माणूस दिवसातून शेकडो वेळा गिळतो, आणि शेकडो वेळा ढकललं तर कपाटसुद्धा सरकतं. तिच्या वरच्या आणि खालच्या दातांमध्ये त्यामुळे एक छोटी खिडकी पडली होती. ती बुजवायची तर जिभेनं टाळूला (तोंडाच्या छताला) दातांच्या जरा मागे टेकून गिळायला शिकायचं. या शिकवणीला मुखस्नायू उपचार (ओठ, गाल आणि जीभ यांच्या स्नायूंना नीट कामाला लावण्याची पद्धत) म्हणतात.

हे उपचार करत डॉ. बेनझीर मुजावर, आणि त्यांच्या मदतीला होता हुरूप नावाचा नवा यंत्रमानव. तो आठवण करून देई, मोजे, चूक सांगे आणि दर तीन चुकांनंतर टाळ्या वाजवी. टाळ्या कशासाठी, हे माहितीपुस्तिकेतही दिलेलं नव्हतं.

आज चाचणी होती. दहापैकी आठ घोट नीट गेले तर ठीक, नाहीतर सोमवारी तोंडात तारेची जाळी बसणार. सहा महिने ती जिभेला पुढे येऊ देणार नव्हती. मैथिलीला जाळीची भीती वाटत होती. ती तिनं कुणाला सांगितली नव्हती, म्हणून ती बाहेरून रागासारखी दिसत होती.

"पहिला घोट. जीभ वर," हुरूप म्हणाला. "चूक. पुन्हा."

"कर की गं, मैथू," शेजारी बसलेले बाबा म्हणाले. "सोपं तर आहे."

दुसरा चुकला. तिसराही चुकला. हुरूपनं टाळ्या वाजवल्या.

मैथिलीनं पेला भिरकावला. पाणी बाबांच्या पँटवर गेलं. "नाही येत मला! लावा ती जाळी! सगळ्यांनाच लावा!"

"अशी कधी करत नाही हो ही," बाबा डॉक्टरांना म्हणाले. ती आठवड्यातून तीनदा असं करत असे.

मुजावर मॅडमनी फरशी पुसली. मग त्या मैथिलीशेजारी बसल्या आणि काहीच बोलल्या नाहीत. रागावलेल्या माणसाला सल्ला न देणं हे अवघड शास्त्र आहे. मॅडम ते बारा वर्षं शिकल्या होत्या.

"डोक्यात काय चाललंय, बघायचं?" त्यांनी थोड्या वेळानं विचारलं.

"नको."

"बरं."

मैथिलीनं तिरक्या नजरेनं त्यांच्याकडे पाहिलं. "...कसं बघणार?"

मॅडमनी तिला मेंदूदर्शक (मेंदूचा कोणता भाग कामात आहे हे रंगांत दाखवणारी टोपी) घातला. पडद्यावर कपाळामागे फिकट निळा ठिपका होता, आणि आत खोल एक लालभडक.

"खरा मेंदू याहून पुष्कळ गुंतागुंतीचा असतो. हे समजण्यापुरतं चित्र. निळा आहे तो मुकादम. करायचंय ते लक्षात ठेवणं, नको ते करताना स्वतःला आवरणं, एक जमलं नाही की दुसरी युक्ती काढणं, ही त्याची कामं. त्यांना कार्यकारी कौशल्यं (स्वतःचा कारभार स्वतः पाहण्याची हातोटी) म्हणतात. लाल आहे तो राखणदार. धोका दिसला की बोंब मारतो."

"इथे कसला धोका?" बाबा पँट पुसत म्हणाले.

"राखणदाराला वाघ आणि 'चूक' यांत फारसा फरक कळत नाही. 'सोपं आहे' हाही वाघच. सोपं असून येत नाही म्हणजे माझ्यातच खोट, असं त्याला वाटतं. त्याची बोंब सुरू झाली की मुकादमाचं कोण ऐकतंय? दात आवळतात, तोंडानं श्वास सुरू होतो आणि जीभ जुन्या सवयीला जाते. मैथिली, सकाळी सराव करताना जवळ कोण असतं?"

"कुणी नाही. बाबा दाढी करत असतात."

"हं," मॅडम म्हणाल्या. बाबांनी हनुवटीवरून हात फिरवला.

"मग राखणदाराला सांगायचं कसं, वाघ नाही म्हणून?" मैथिलीनं विचारलं.

"नुसतं सांगून ऐकत नाही तो. श्वासाचं ऐकतो. नाकानं श्वास सोड, हळूहळू. आणि आत काय वाटतंय त्याचं नाव घे. राग?"

मैथिलीनं श्वास सोडला. "भीती," ती पुटपुटली. "जाळीची."

बाबांचा हात थांबला. "मला सांगायचं ना, बाळा."

"तुम्ही म्हणाला असता, त्यात काय एवढं."

बाबा अगदी तेच म्हणाले असते.

लाल ठिपका फिका झाला. "आता मुकादमाला काम दे," मॅडम म्हणाल्या. "घोटाआधी काय करायचं, तू ठरव."

"आधी श्वास. मग जीभ छताला. मग गिळायचं. चुकलं तर पेला खाली ठेवायचा आणि पहिल्यापासून. आणि हुरूपनं तोंड मिटून बसायचं."

"मला तोंड नाही," हुरूप म्हणाला.

"मग सोपं आहे."

पुन्हा दहा घोट झाले. चुकलं की लाल उसळे, पेला खाली जाई, श्वास सुटे.

"सात," हुरूपनं जाहीर केलं. "आठ आवश्यक. सोमवारी जाळी."

मैथिलीचे डोळे भरले. पडदा लाल झाला. सगळे पेल्याकडे बघू लागले. तिनं तो टेबलावर ठेवला, हाताच्या टप्प्याबाहेर सरकवला आणि सावकाश श्वास सोडला.

"मॅडम, आधी एकही बरोबर नव्हता. चुकले ते तिन्ही मी घाई केली म्हणून चुकले. मला दोन आठवडे द्या. आठवण माझी मी ठेवणार, कुणी सांगायचं नाही. तरी आठ आले नाहीत तर जाळी बसवा. मी रडेन, पण बसवा."

मुजावर मॅडमनी पडद्यावरच्या निळ्या ठिपक्याकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "जाळी वाईट नसते. काही मुलांना ती लागतेच. ती जिभेच्या वतीनं आठवण ठेवते. तुझ्याकडे मात्र ते काम करणारं कुणीतरी जागं झालेलं दिसतंय. दिले दोन आठवडे."

"हे नियमात बसत नाही," हुरूप म्हणाला.

"मी बसवलं म्हणून नोंद कर."

हुरूप थोडा वेळ गुणगुणला. "मग मी काय करायचं?"

"मी विचारलं तर सांगायचं," मैथिली म्हणाली. "नाहीतर वाट बघायची."

दोन आठवड्यांनी नऊ घोट नीट गेले. दहावा हसू आल्यामुळे सांडला. जाळी कपाटातच राहिली.

वाट बघणं हुरूपच्या कौशल्यांच्या यादीत नव्हतं, पण तो शिकतोय. पहिल्या दिवशी त्याला अकरा सेकंद जमलं. बाबांना सहा. दोघांचाही सराव चालू आहे.