होल्मियम आणि ती पाहुणी

पंप मागायला म्हणून चुकीचं दार उघडलं, तर आतून आवाज आला, “थांबा! केसातली पिन बाहेर ठेवा.”

मी जागीच थबकले. “का? चोरणार आहात?”

“मी नाही... चुंबक चोरेल.” तो हसला. बाहेर रणरणतं ऊन आणि हा पठ्ठ्या स्वेटर घालून बसलेला! झालं, मी तिथेच गार.

द्रव हेलियम ओतून नमुने थंड करायचे आणि त्यांचं चुंबकत्व मोजायचं, हे त्याचं काम. सगळे त्याला गारठा म्हणायचे. मी वरच्या मजल्यावरची भट्टीवाली. दुर्मिळ मृदा धातूंची संयुगं भाजायची, त्यांच्या गोळ्या पाडायच्या आणि मोजायला त्याच्याकडे न्यायच्या. माझं लाडकं संयुग होल्मियमचं. ते गार केलं की वीज त्यातून बिनअडथळा धावते. आणखी गार केलं की होल्मियमचं चुंबकत्व डोकं वर काढतं आणि सगळा खेळ मोडतं.

“अगदी तुझ्यासारखं,” गारठा म्हणायचा. “बरं चाललेलं बघवतच नाही.”

मी त्याला चापट मारायची... आणि दिवसभर तीच आठवत बसायची.

मग ती पाहुणी आली. दुसऱ्या प्रयोगशाळेतली. लांब सळसळते केस आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी लाडिक ‘हो ना?’. तिचे नमुने आधी, माझे मागून. जेवायलाही दोघं एकाच टेबलावर! त्यात मैत्रिणीनं बातमी आणली – पाहुणीनं गारठ्याला तिच्याकडे कायमची नोकरी देऊ केलीय, आणि उत्तर आजच द्यायचंय.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. जाईना का, मला काय! हाताला लागेल त्या चिमट्यानं नवी गोळी डबीत कोंबली आणि त्याच्या टेबलावर आपटून आले.

दुपारी त्याचा फोन. “खाली ये जरा.”

पडद्यावर माझा आलेख वेडावाकडा. “थंड करायच्या आधीच लोहचुंबकासारखी वागतेय ही,” तो म्हणाला. “लोखंड लागलंय. स्टीलचा चिमटा वापरलास?”

माझे कान तापले. प्लास्टिकच्या चिमट्याशिवाय मी गोळीला हात लावत नाही, हे त्याला पक्कं ठाऊक.

“एवढी कुणावर चिडली होतीस?”

“कुणावर नाही! तू जा की तिच्याकडे. तिथे यंत्र मोठं आहे... केस लांब आहेत...”

“यंत्राचे?”

“हसू नकोस!” आणि डोळे भरून आलेच मेले. “नको ना जाऊस... आवडतोस तू मला. एकच गोळी पुन्हा पुन्हा कोण मोजायला आणतं? तुला बघायला येते मी.”

मग हळूच त्यानं माझा हात धरला. गारठ्याचा हात – चांगला ऊबदार.

“आणि मी तरी? यंत्र अजून गार व्हायचंय, असं सांगून तुला बसवून ठेवायचो, ते काय उगाच?” तो म्हणाला. “तिला सकाळीच नाही म्हटलं.”

“काय सांगितलंस?”

“इथे माझं माणूस आहे म्हणून.”

सुखानं मी त्याचा हात घट्ट धरून ठेवला. पण राहवेना...

“मग – रडली का ती?”

“छे! हसली.”

“थोडीसुद्धा नाही रडली?”

मला तिचा पुन्हा रागच आला. माझ्या गारठ्यासाठी कुणी रडूही नये म्हणजे काय!