जमिनीवर ठेवलेला कप

"पुन्हा हलवल्या!" रहफ किंचाळली.

गल्लीच्या तोंडावर नगरपालिकेने ठेवलेल्या तिन्ही कुंड्या भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मधून ट्रक आरामात जाईल एवढी वाट मोकळी झाली होती. अम्मानच्या त्या चढावरच्या गल्लीत महिनाभर गाड्या बंद ठेवून बघायचं ठरलं होतं. लोकांना रुचलं तर कुंड्या कायमच्या, नाहीतर शुक्रवारी उचलून नेणार!

"लोकांनाच नकोयत, असं म्हणतील बघ," चुलतभाऊ औस म्हणाला.

"लोकांना? कुणातरी एकाला!"

रहफचा धाकटा भाऊ कुतैबा सायकलवरूनच बघत होता. गेल्या वर्षी याच गल्लीत त्याला ट्रकने उडवलं होतं. तेव्हापासून तो लंगडत चालायचा. सायकलवर बसला की मात्र लंगडणं दिसायचं नाही, म्हणून कुंड्या आल्यापासून स्वारी दिवसभर सायकलवरच!

"औस, कुंडी सरकवायला हात कुठे घालावा लागतो?"

"काठाखाली."

"मग रस्त्यावर पट्टे रंगवून उरलेला निळा रंग काठाखालीच फासू!"

गुरुवारी संध्याकाळी मोहीम पार पडली. औसने कुंडीपेक्षा स्वतःच्या विजारीलाच जास्त रंग फासला.

"आई मला याच कुंडीत पुरेल!"

"पुरू दे. पाणी मी घालीन रोज!"

शुक्रवारी सकाळी कुंड्या पुन्हा भिंतीला, आणि काठाखालच्या रंगात बोटांचे ओरखडे!

दुपारच्या नमाजानंतर गल्लीतली वडीलधारी मंडळी कुंड्यांचा निकाल लावायला अबू मिशालच्या बैठकीत जमली. नगरपालिकेच्या इंजिनियर हुनैदाबाईही आल्या. अबू मिशालचं फर्निचरचं मोठं दुकान होतं, आणि त्याच्या शब्दाबाहेर गल्लीत कुणी नव्हतं.

"मी पहिल्यापासून कुंड्यांच्या बाजूने हो!" तो हळहळत म्हणाला. "पण लोक ऐकतात का?"

बोलता बोलता तो स्वतःच्या हाताने सगळ्यांना कॉफी देत होता. दाराशी बसलेल्या पोरांपुढेही त्याने कप धरला. रहफने बघितलं. नखं निळी!

तिच्या डोक्यात तिडीक गेली. औस ओरडणार, तेवढ्यात तिने त्याला चिमटा काढला आणि भरलेला कप जमिनीवर ठेवून दिला.

बैठकीतले बाकीचे कप हवेतच थांबले. पाहुण्याने कॉफी न पिता ठेवली, की त्याला काहीतरी मागायचंय. यजमानाने ते दिलं नाही, तर त्याची अब्रू जाते.

"घे की पोरी," अबू मिशाल कसाबसा हसला. "निवेल."

"आधी मागणं, काका. कुंड्या राहू देत. कायमच्या."

"अगं, पण त्या कोण हलवतं, देव जाणे!"

"देवाची नखं निळी नसतात, काका!" आता मात्र औसला राहवलं नाही.

सगळ्यांच्या नजरा त्या हातावर खिळल्या. हुनैदाबाई उठून उभ्या राहिल्या. अबू मिशालने हात झग्यात लपवला, पण कुठवर लपवणार?

"मालाचे ट्रक अडतात गं माझे," तो पुटपुटला. मग मान खाली घालून म्हणाला, "दिलं. घे तुझी कॉफी."

एकच गलका झाला! "शाब्बास! काय धीराची पोरगी!" हुनैदाबाईंनी तिची पाठ थोपटली. एका आजोबांनी विचारलं, "एवढीशी तू! ही रीत शिकलीस कुठे?"

"आमच्याच घरी," रहफ म्हणाली.

कुतैबाला उडवणारा ट्रक अबू मिशालच्याच दुकानाचा होता. ड्रायव्हरसाठी माफी मागायला हीच मंडळी घरी आली होती. अबू मिशालने कप जमिनीवर ठेवला होता. कुतैबा तेव्हा इस्पितळात होता, आणि बाबांना म्हणावं लागलं होतं, "माफ केलं. घ्या कॉफी."

रहफने कप उचलला. कॉफी निवली होती, कडूजहर लागली. मंडळी अजून "शाब्बास, शाब्बास" करतच होती. त्या दिवशी बाबांनाही हीच मंडळी असंच शाब्बास म्हणाली होती.